युबिक्विटस कॉम्प्युटिंगचा पाया शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागात शिकवते. शेवटच्या वर्षाचा परव्हेजिव्ह आणि युबिक्विटस कॉम्प्युटिंगचा (संगणक रोजच्या वस्तूंत आणि जागांत मिसळून जावा, हा विचार) इलेक्टिव्ह यंदा मी मागून घेतला, कारण विषय मनापासून आवडतो. पहिल्याच तासाला प्रश्न आला, "मॅडम, म्हणजे आयओटीच ना?" (आयओटी म्हणजे नेटला जोडलेल्या वस्तू.) एका वाक्यात उत्तर देता येतं, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होणार नाही हे दिसत होतं.

अभ्यासक्रमात आधी इतिहास, मग डिव्हाइसेस, मिडलवेअर, कॉन्टेक्स्ट अवेअरनेस, शेवटी सिक्युरिटी. परीक्षेला 'वैशिष्ट्ये लिहा' छापाचे प्रश्न. प्रोजेक्ट दरवर्षी तेच: मोबाइलवरून दिवा चालू-बंद, नाहीतर कचऱ्याचा डबा भरला की मेसेज. लॅबमध्ये ईएसपी३२ चे (वाय-फाय असलेले छोटे संगणक) बोर्ड आहेत, तापमान-आर्द्रता मोजणारे डीएचटी११ आहेत, हालचाल ओळखणारे पीआयआर सेन्सर आहेत. वर्गातली निम्मी पोरं शेतकरी घरातली आहेत. हात चांगला चालतो, कोडही चालतो. पण "हे कुणासाठी केलंस? नेट गेलं तर काय होईल?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो.

माझा प्रश्न असा की पाया म्हणून नेमकं काय धरायचं? पहिले काही आठवडे काय शिकवू, मूळ लेखांपैकी कुठले वाचून घेऊ आणि लॅबमध्ये काय करून घेऊ? ज्यांनी शिकवलंय किंवा शिकलंय त्यांनी जरूर लिहा.

जुनासोल्डर

मॅडम, मी आधी एम्बेडेडमध्ये नोकरी केली, आता बरीच वर्षं पुण्यात हाच विषय शिकवतोय. जरा सविस्तर लिहितो.

मी पाया धरतो तो एकाच गोष्टीला. माणूस जे करतोय त्यातलं यंत्राला नेमकं किती कळतंय, हे विद्यार्थ्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बोर्ड, सेन्सर, प्रोटोकॉल त्यामागून शिकवले तरी चालतात, किंबहुना मागूनच नीट समजतात.

सुरुवात या विषयाचे जनक मार्क वायझर यांच्यापासूनच करा, पण व्याख्येपासून नको. सप्टेंबर १९९१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा 'द कॉम्प्युटर फॉर द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' हा लेख आला. ते तेव्हा पालो आल्टोला झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात होते. लेखात सॅल नावाच्या एका बाईची सकाळ आहे. ती झोपेत चुळबुळ करू लागते, त्यावरून गजराचं घड्याळ ओळखतं की ही आता उठणार, आणि हळूच विचारतं, "कॉफी?" ती पुटपुटते, "हो." 'हो' आणि 'नाही' हे दोनच शब्द त्या घड्याळाला कळतात, असं वायझर लगेच पुढच्या वाक्यात सांगतात. या चार ओळींवर मी अख्खा तास घेतो. यंत्राने काय मोजलं? चुळबुळ. त्यावरून काय मानलं? जाग येतेय. तिला ताप असता तर? डासांनी हैराण केलं असतं तर? आणि घड्याळाने थेट कॉफी न करता आधी विचारलं, ते का? मोजलेलं आणि मानलेलं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे पोरांच्या डोक्यात त्या तासाला बसतं. मग पीआयआर सेन्सर हातात द्या. उष्णतेची हालचाल झाली एवढंच तो सांगतो. 'खोली रिकामी आहे' हे आपण त्यावर चढवलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकात डोकं घालून स्तब्ध बसलेल्या पोरीच्या खोलीतला दिवा घालवणारा प्रोजेक्ट यातूनच जन्माला येतो.

त्याच लेखात टॅब, पॅड आणि बोर्ड येतात. साधारण इंचाच्या, फुटाच्या आणि यार्डाच्या मापाची ही यंत्रं. एका खोलीत शंभराहून जास्त टॅब, दहा-वीस पॅड, एक-दोन बोर्ड असा त्यांचा अंदाज होता. पॅड कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. टेबलावर पडलेला कोरा कागद कुणीही उचलावा तसं ते वापरायचं होतं. आपल्याकडे घडलं उलटंच: प्रत्येकाचा फोन वेगळा, त्याला कुलूप, आणि तो सतत आपल्याकडे बघायला लावतो. "मॅडम, हे आयओटीच ना?" याचं उत्तर मला इथे सापडतं. वस्तू नेटला जोडली की आयओटी झालं. वायझर यांना हवं होतं ते हे की माणसाचं लक्ष आपल्या कामावर राहावं आणि संगणकाने कडेला थांबावं. एखादी वस्तू नेटला जोडलेली असूनही दिवसभर आपलं लक्ष खात असेल, तर ती या कसोटीला उतरत नाही.

दुसरा लेख अ‍ॅक्टिव्ह बॅजचा घ्या. रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत तो बॅज केला, लेख १९९२ चा. छातीला लावायचा बिल्ला, दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडने आपला क्रमांक सांगणारा. रिसेप्शनवरच्या बाईंना कोण कुठल्या खोलीत आहे हे दिसायचं आणि फोन त्या खोलीत वळवता यायचा. इन्फ्रारेडच का? ते भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे खोली आपोआप कळते. १५ सेकंदच का? बॅटरी वर्षभर टिकावी म्हणून. आणि माणूस एवढ्यात फार लांब जात नाही. बिल्ला ड्रॉवरमध्ये ठेवला की अंधार ओळखून तो संदेशांमधलं अंतर वाढवतो. आणि मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी: संदेशाची वेळ ठरवणारे भाग त्यांनी मुद्दाम १० टक्के इकडेतिकडे होणारे, कमी अचूक घेतले. म्हणजे दोन बिल्ले योगायोगाने एकाच क्षणी बोलले तरी पुढे ते एकमेकांपासून आपोआप सरकतात, टक्कर कायमची राहत नाही. एका बिल्ल्यात एवढा विचार आहे. हा लेख पोरांना ओळ-ओळ वाचायला लावा.

टिपणवही

मी नेदरलँड्समध्ये इंटरॅक्शन डिझाइन शिकवते. सोल्डरकाकांच्या 'मोजलेलं आणि मानलेलं' याला एक अगदी कामाचा तक्ता जोडते.

पार्कमध्येच ल्युसी सुचमन या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. त्यांचं 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड अ‍ॅक्शन्स' १९८७ चं. त्यांनी काय केलं, तर मदत करणारी 'हुशार' यंत्रणा बसवलेल्या एका झेरॉक्स मशीनसमोर माणसांना जोडीने उभं केलं आणि त्यांचं चित्रीकरण केलं. मग त्याचे चार रकाने पाडले: माणूस करतो पण यंत्राला कळत नाही ते, माणूस करतो आणि यंत्राला कळतं ते, यंत्र करतं आणि माणसाला दिसतं ते, आणि यंत्राच्या पोटातलं कारण, जे माणसाला दिसत नाही. पहिला रकाना भरून वाहतो. दोघं बोलतायत, बुचकळ्यात पडतायत, झाकण उघडावं का असं विचारतायत, आणि मशीनपर्यंत त्यातलं फक्त बटण दाबलेलं पोचतं.

पहिल्या लॅबला बोर्ड कपाटातच राहू देत. पोरांना जोडीने कॉलेजातल्या झेरॉक्सच्या दुकानात, बँकेच्या पासबुक छापायच्या मशीनपाशी, एसटी कंडक्टरच्या तिकीट मशीनपाशी पाठवा आणि हे चार रकाने भरून आणायला सांगा. कुणाचंही चित्रीकरण करायचं तर आधी विचारून. माझ्या विद्यार्थ्यांना कोड लिहायची फार घाई असते, ती या कामाने थांबते आणि नंतरचे प्रश्न सुधारतात.

आणि वायझर शिकवून झाले की यव्हॉन रॉजर्स यांचा २००६ चा लेख द्या. त्या म्हणतात की शांत, आधीच ओळखून सगळं करणारी यंत्रणा हे ध्येय पुरे झालं, माणसाला अधिक गुंतवणारं, शिकायला-शोधायला लावणारं काहीतरी करूया. मग बेल आणि डौरिश यांचा २००७ चा. त्यांचं म्हणणं असं की 'उद्या येणारं' म्हणून ज्याची वाट पाहतोय ते येऊनही गेलंय. फक्त ते चित्रातल्यासारखं नीटनेटकं नाही, ओबडधोबड आहे. उदाहरणं सिंगापूर आणि कोरियाची आहेत, पण वाळवा-शिराळ्याची पोरं ते वाचताना आपल्या गावाकडे बघू लागतील.

मळ्यातलावायरमन

मी शिकवणारा नाही. मोटारी आणि स्टार्टरची कामं करतो, शेतीही आहे. वरचं सगळं वाचलं. मॅडम, तुमच्या निम्म्या पोरांच्या घरी ही वस्तू आधीच बसलेली आहे, मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून विहिरीची मोटार चालू करणारी पेटी. तोच शिकवा की.

थ्री फेज लाइट ठरलेले तासच. सौर फीडर, म्हणजे सोलरच्या विजेची लाइन, झालेत तिथं दिवसा मिळते, बाकी ठिकाणी पाळी रात्रीची आली की अंधारात विहिरीवर जायचं, साप-विंचू बघत. म्हणून ही पेटी आली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश नाव तुम्ही ऐकलं असेल, आता तशा बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात. पेटीत सिमकार्ड. नोंदवलेल्या नंबरवरून फोन लावायचा, काहींत १ दाबलं की मोटार चालू, काहींना नुसता मिस कॉल पुरतो. पेटी मराठीत सांगते, मोटार चालू झाली म्हणून. तिन्ही फेज नसतील तर चालू करत नाही. विहिरीचं पाणी तुटलं की मोटार करंट कमी घेते, त्यावरून पेटी ओळखते आणि बंद करते. आमच्या आईला स्मार्टफोन वापरता येत नाही, पण मोटार तीच चालू करते.

आता ताईंचे रकाने. पेटीला काय कळतं? फेज आणि करंट. काय कळत नाही? पाइप फुटलाय, पाणी शेजाऱ्याच्या उसात चाललंय. सरीच्या टोकाला पाणी पोचलं का, ते कळत नाही. त्याला दारं धरायला माणूस लागतोच. पेटी 'मोटार चालू' म्हणते, ती खरंच बोलते. पण शेतकऱ्याला पाणी पोचलं का हे पाहिजे असतं.

दुसरी गोष्ट ऑटोस्विचची. लाइट आली की मोटार आपोआप चालू. एकट्याच्या हिशेबाने सोयीचं. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटारी असतात, सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी ओढतात. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. मग फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळतो, आणि सगळेच अंधारात. महावितरण त्यामुळंच ऑटोस्विच काढा म्हणून सारखं सांगत असतं. सोल्डरकाकांनी बिल्ल्यांचं लिहिलं ना, दोन एकदम बोलू नयेत म्हणून, ते वाचून मला हेच आठवलं.

जुनासोल्डर

वायरमनदादा, तुम्ही जे जोडलंत ते मी इतकी वर्षं शिकवतोय आणि इतक्या नेमकेपणाने कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. मॅडम, यांना एका तासाला वर्गात बोलवाच.

हा ऑटोस्विच म्हणजे या विषयाचा गाभा आहे. एक यंत्र शहाणं करणं सोपं असतं. पंचवीस शहाणी यंत्रं एका डीपीवर एकत्र आली की काय होतं, ते शिकवावं लागतं. लॅबमध्ये करून दाखवा. सगळे ईएसपी३२ एकाच वाय-फायला जोडा, मेन स्विच पाडा, परत चालू करा. सगळे बोर्ड एकाच वेळी राउटरवर तुटून पडतील, काहींना जोडणी उशिरा मिळेल, काही अडकतील. सीरियल मॉनिटरवरच्या (बोर्डाचे संदेश दाखवणारी संगणकावरची खिडकी) वेळा लिहून घ्या. मग प्रत्येकाच्या सुरुवातीला काही सेकंदांचा यादृच्छिक विलंब घाला आणि परत तेच करा. दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी काढा आणि डीपीची गोष्ट त्याच वेळी सांगा.

दुसरं एक करण्यासारखं. नाताली जेरेमिजेन्को या कलाकार पार्कमध्ये असताना त्यांनी छताला एक छोटी मोटार लावून तिला साधारण आठ फुटांची प्लॅस्टिकची दोरी टांगली आणि मोटार इथरनेटच्या, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्या, तारेला जोडली. तारेतून माहितीचा बिट गेला की दोरी जराशी थरथरते. जाळं निवांत असेल तर काही सेकंदांनी एखादा झटका. वर्दळ असेल तर दोरी गरगर फिरते आणि आवाज करते. कुणी स्क्रीन बघत नाही, तरी येता-जाता सगळ्यांना कळतं. वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी कॅल्म टेक्नॉलॉजीवर, म्हणजे लक्ष न खेचणाऱ्या शांत तंत्रज्ञानावर, लिहिताना याचंच उदाहरण घेतलंय. ही दोरी लॅबमध्ये एका दुपारी होते. एमक्यूटीटी ही यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायची पद्धत, तिच्या ब्रोकरवर, म्हणजे संदेश वाटणाऱ्या सर्व्हरवर, येणारे संदेश मोजा आणि त्या प्रमाणात मोटारीचा वेग ठेवा. महिनाभर ती तशीच चालू राहू द्या.

रिले१२व्होल्ट

मी स्वतः शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. वाचायला हे सगळं छान वाटतं, पण इंटरव्ह्यूला सॅलची कॉफी कुणी विचारत नाही. तिथे एमक्यूटीटीचं क्यूओएस (संदेश पोचण्याची हमी किती) विचारतात, स्लीप मोड (बोर्ड झोपवून बॅटरी वाचवणं) विचारतात. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर आयआयटी खरगपूरचा आयओटीचा कोर्स आहे, बरेच जण तोच करतात. नेटवर्किंग आणि इलेक्ट्रॉनिक्स पक्कं नसेल तर चार रकाने भरून काय उपयोग?

जुनासोल्डर

रास्त प्रश्न आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स पक्कं हवं यात वादच नाही. पण ते याच प्रश्नांच्या हाताला धरून शिकलात तर जास्त टिकतं.

स्लीप मोडच घेऊ. २५०० एमएएचचा, रिचार्ज होणारा एक १८६५० सेल, आणि वाय-फायवर सतत चालू असलेला ईएसपी३२ सरासरी १०० मिलिअँप घेतो असं धरा. २५ तासांत सेल संपला. आता दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागा, तेव्हा १२० मिलिअँप, बाकी वेळ गाढ झोप. सरासरी येते ०.६७ मिलिअँपच्या आसपास, म्हणजे कागदावर पाच महिने. पण हा हिशेब नुसत्या चिपचा, जी झोपेत १० मायक्रोअँपच्या घरात असते. तुमच्या लॅबमधल्या डेव्हलपमेंट बोर्डवर पॉवरचा एलईडी आहे, रेग्युलेटर आहे, यूएसबीची चिप आहे. झोपेतही बोर्डाने ५ मिलिअँप ओढले तर पाच महिन्यांचे अडीच आठवडे होतात. हे मल्टीमीटर लावून मोजा. आणि मग विचार असा करा: १५ मिनिटं कुणी ठरवली? टाकीतल्या पाण्याला १५ मिनिटं चालतील, फुटलेल्या पाइपला चालणार नाहीत. झोपेचा आकडा माणसाच्या कामावरून येतो, डेटाशीटवरून (कंपनीच्या माहितीपत्रकावरून) येत नाही. अ‍ॅक्टिव्ह बॅजचे १५ सेकंदही असेच आले होते.

एमक्यूटीटीचंही तसंच. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनसाठी केलं, महागड्या उपग्रह जोडणीवरून चालावं म्हणून. त्यात लास्ट विल आहे: यंत्र जोडतानाच ब्रोकरला सांगून ठेवतं की मी न सांगता गायब झालो तर माझ्या वतीने हा संदेश दे. कीप-अलाइव्हच्या ('मी आहे' असं कळवत राहायची ठरलेली मुदत) दीडपट वेळ काहीच ऐकू आलं नाही की ब्रोकर तो संदेश सोडतो. किंडबर्ग आणि फॉक्स यांनी २००२ मध्ये युबिक्विटस कॉम्प्युटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना हेच मूळ तत्त्व मांडलं, की या जगात यंत्रं, माणसं आणि जोडण्या सतत येणार-जाणार. तो अपवाद धरू नका, नेहमीचीच स्थिती धरा. लोडशेडिंग पाहिलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही, फक्त कोडमध्ये आणायला शिकवावं लागतं. मुलाखतीत क्यूओएसच्या तीन पातळ्या सगळेच सांगतील. 'मोटार बंद कर' हा आदेश क्यूओएस ० ने, म्हणजे पोचला का हे न तपासता, पाठवशील का आणि का नाही, हे सांगणारा मुलगा वेगळा दिसतो.

डीएचटी११ बद्दल एवढंच: तापमानात त्याची चूक २ अंशांपर्यंत असू शकते. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन सेन्सर ४ अंशांनी वेगळे सांगतील आणि दोघंही आपल्या डेटाशीटला धरूनच असतील. पाच-सहा एका डब्यात ठेवा, आकडे फळ्यावर लिहा.

टिपणवही

सिक्युरिटी शेवटच्या युनिटमध्ये ढकललीय ते मला खटकतं. ती पहिल्या आठवड्यापासून हवी. मार्क लांगहाइनरिश यांचा खासगीपणाबद्दलचा २००१ चा लेख पोरांना जमेल असा आहे. त्यातली तत्त्वं अशी: आधी कळवणं, विचारून घेणं, नाव लपवता येणं, माहिती जवळच्या जवळ ठेवणं, तिची सुरक्षितता, आणि ज्याची माहिती त्याला ती बघता येणं.

माझा प्रयोग असा. ज्यांची तयारी असेल त्यांनीच एक दिवस ब्लूटूथ बीकन (आपला क्रमांक आजूबाजूला सतत सांगणारं छोटं यंत्र) खिशात ठेवायचा. संध्याकाळी प्रत्येकाला फक्त त्याचीच नोंद द्यायची आणि विचारायचं, यावरून तुझ्याबद्दल दुसरा कुणी काय काय म्हणेल? कँटीनमध्ये कुणाबरोबर होतास, लायब्ररीत नव्हतास, हे त्या नोंदीत निघतं. नंतर सगळ्या नोंदी त्यांच्यासमोरच पुसायच्या. हजेरीची 'स्मार्ट' यंत्रणा करायचा प्रोजेक्ट त्यानंतर वेगळ्या प्रश्नांनी सुरू होतो.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून विभागप्रमुखांना दाखवलं, त्यांनी होकार दिलाय. पहिल्या आठवड्यात सॅलची सकाळ आणि चार रकाने, दुसऱ्यात बॅजचा लेख आणि मेन स्विचचा प्रयोग, तिसऱ्यात करंट मोजणं आणि दोरी. बीकनचा प्रयोग लेखी संमती घेऊन. वायरमनदादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. एखादं जुनं स्टार्टरचं पॅनल वर्गात आणता आलं तर फार बरं होईल.

एक राहिलं. प्रोजेक्टला गुण कसे द्यायचे? बाहेरच्या परीक्षकाला चालणारी वस्तूच बघायची असते.

मळ्यातलावायरमन

येतो मॅडम. पॅनल आहे माझ्याकडे, कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच) आणि पेटी दोन्ही चालू आहेत. थ्री फेज वर्गात नको, मी पेटी बॅटरीवर चालवून दाखवतो. रिलेचा आवाज ऐकला की पोरांना कळतं. हंगाम बघून रविवार सोडून कुठलाही दिवस सांगा.

जुनासोल्डर

परीक्षकाला वस्तू दाखवाच, पण प्रात्यक्षिकाच्या मध्यावर तुम्ही स्वतः प्लग काढा आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवा. प्लग काढल्यावर समोरच्या माणसाला ते कसं कळलं, त्याचं काम कशावर अडलं, हाताने करायची वाट शिल्लक आहे का, आणि लाइट आल्यावर यंत्र कुठून सुरू झालं, या चार गोष्टींना मी निम्मे गुण ठेवतो. रकान्यांचा तक्ता वहीत लागतो, त्यावर वापरणाऱ्या माणसाशी बोलल्याची तारीख लागते. आमच्याकडे येणाऱ्या परीक्षकांना आता हे आवडायला लागलंय. ते स्वतःच प्लगकडे हात नेतात.